काढलेला कॅट कुठे गेला, हे आधी विचारा

मंडळी, आज राजकारण नाही. गाड्यांबद्दल लिहितोय, पण विषय खिशाचाही आहे आणि हवेचाही.

जुनी पेट्रोल गाडी गॅरेजला गेली की हल्ली ठरलेला सल्ला मिळतो. "साहेब, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकू, ईजीआर बंद करू, मग अ‍ॅव्हरेज बघा." मालक खूश. चार दिवसांनी सकाळी सेल्फ नुसता घरघर फिरतो, इंजिन काही धरत नाही. मग सुरू होतं चक्र. बॅटरी बदला, सेल्फ खोला, पेट्रोल पंप बदला.

माझ्या ओळखीच्या एका किराणा दुकानदाराने असंच केलं. नवी बॅटरी टाकली, तरी गाडी ढिम्म. शेवटी दोष काय निघाला? कॅट काढताना ऑक्सिजन सेन्सरची वायर तशीच लोंबकळत ठेवली होती. ती गरम सायलेन्सरला चिकटून जळली, शॉर्ट झाली आणि फ्यूज उडाला. त्या गाडीत इंजेक्टरचा करंटही त्याच फ्यूजवरून जात होता. फ्यूज काही रुपयांचा, खर्च मात्र काही हजारांचा.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरीवर संशय घ्यायचं कारण नाही. आधी बघा, काढलं काय आणि त्या जागी लावलं काय. सुटलेले प्लग, उडालेले फ्यूज, इंजिनाची सैल अर्थिंगची वायर. ईजीआरच्या जागी पत्रा नीट बसला नसेल, किंवा कॅनिस्टरचा पाइप उघडाच राहिला असेल, तर हवा नको तिथून आत शिरते, मिश्रण बिघडतं आणि थंड इंजिन चालू व्हायला त्रास देतं. टाकीकडून येणारा पाइप बुच मारून बंद केला असेल तर टाकीला श्वास घेता येत नाही. झाकण उघडताना सूंऽऽ आवाज आला, तर तिकडेच बघा. काही महाभाग कॅटचं डबडं ठेवतात आणि आतली जाळी फोडतात. तिचे तुकडे पुढे सायलेन्सरमध्ये अडकले की धूर बाहेर पडायला वाटच राहत नाही, गाडी चालू होऊन लगेच बंद पडते. आणि स्कॅनर लावायचा तो सगळं बदलून झाल्यावर नाही, आधी!

आता खरा प्रश्न. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. भंगारात त्याला चांगला भाव येतो, म्हणून तर उभ्या गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात. "मजुरी नको, जुना पार्ट मात्र माझ्याकडे राहू दे" असं कुणी प्रेमाने म्हणालं, तर प्रेम कशावर आहे ते ओळखा. बिलावर हे काम कधी लिहिलेलं दिसतं का? मी तरी पाहिलेलं नाही.

कायद्याने तर मालकही अडकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रदूषणाचा दंड १०,००० रुपयांपर्यंत, तो वेगळा.

"एवढ्याशा गावात कसलं प्रदूषण?" असं म्हणणाऱ्यांनी शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर चालू उभ्या असलेल्या गाड्यांच्या मागे पाच मिनिटं थांबून बघावं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण न जळलेल्या पेट्रोलला असतो. डोळे चुरचुरतात.

ज्यांनी अजून काढलेलं नाही, त्यांनी काढू नका. ज्यांनी काढलंय, त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन आपला पार्ट परत मागा आणि बसवून घ्या. तुमच्या पैशाने घेतलेल्या गाडीचा आहे तो. पंधरा वर्षं झाली की आरटीओत फेरनोंदणीला गाडी दाखवावी लागते, आणि तेव्हा नवा कॅट घ्यायचा म्हटलं तर किंमत आत्ताच एकदा विचारून या.