आधी तपासणी, मग कार्ड

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि आपल्या दुकानांत एक मागणी हमखास वाढते. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा, कुठेही पाहा. स्टुडिओवाला सात-आठ वर्षांचा लॅपटॉप काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "एडिटिंगला लई अडकतंय, यात एखादं चांगलं ग्राफिक्स कार्ड टाकून द्या." फ्लेक्सचे डिझाइन करणारा हेच म्हणतो. ऑटोकॅड शिकणाऱ्या मुलीला घेऊन आलेले वडीलही हेच विचारतात, आणि खर्च किती येईल हे लगेच सांगा म्हणतात. या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, त्यावर जिल्ह्यातल्या आपल्या धंद्याची पत अवलंबून आहे. म्हणून या महिन्याचे संपादकीय याच एका कामासाठी ठेवले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ग्राफिक्सची तक्रार आली की आधी लेखी तपासणी व्हावी, आकडा त्यानंतर सांगावा. जे होणार नाही ते पहिल्या भेटीतच 'होणार नाही' म्हणून सांगावे. आणि चिपवर जे काम केले असेल, तेच नेमके पावतीवर लिहावे.

कार्ड का बदलता येत नाही, हे गिऱ्हाइकाला समजेल अशा भाषेत सांगायला आपण शिकले पाहिजे. २०११च्या सँडी ब्रिज पिढीपासून इंटेलचे ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चिपमध्ये आले. फक्त तेच ग्राफिक्स असलेल्या मशिनमध्ये वेगळे कार्ड नसतेच, मग ते काढून दुसरे बसवण्याचा प्रश्न येत नाही. ज्यांत एनव्हिडिया किंवा एएमडीची वेगळी चिप असते, त्यांतही ती बहुतेक वेळा मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. तिच्याभोवतीची मेमरी, तिला वीज देणारे सर्किट, उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी आणि बायोस हे सगळे त्याच चिपच्या मापाने बनवलेले असते. तिच्या जागी मोठी चिप बसवून देतो, असे कोणी सांगत असेल तर त्याच्या शब्दावर गिऱ्हाइकाचे पैसे लावू नयेत.

पण 'होत नाही' एवढे सांगून मशिन परत करणे हेही अर्धेच काम झाले. गिऱ्हाईक ग्राफिक्सचे नाव घेते, कारण यूट्यूबवर आणि मित्रांकडून त्याने तेच ऐकलेले असते. अडकते काय, हे शोधणे आपले काम आहे. त्यासाठी त्याच्याच फाइलवर, त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्यासमोर तपासणी करावी. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर ठेवावा आणि गिऱ्हाइकाला काम करायला लावावे. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटली, रॅम भरली आणि जीपीयूचा आलेख तळाशीच राहिला, तर दोष ग्राफिक्सचा नाही, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. फार जुन्या चिपवर टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा रकाना दिसत नाही. तिथे जीपीयू-झेड वापरावे.

एक साधी गोष्ट अनेकदा सुटते, ती म्हणजे चार्जर. डेलच्या गोल पिनेच्या आत केसासारखी बारीक मधली पिन असते. हा चार्जर किती वॅटचा आहे, हे लॅपटॉपला त्या पिनेतून कळते. बाजारातला नकली चार्जर लावला, किंवा ती पिन वाकली-तुटली, की लॅपटॉप चार्जर ओळखत नाही. बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरचा वेग एकदम खाली येतो. चालू करताना पडद्यावर चार्जर ओळखता येत नसल्याची सूचना येते, पण गिऱ्हाईक ती रोज एंटर दाबून पुढे ढकलत असते. त्याच्या लेखी मशिन 'ग्राफिक्समुळे' हळू झालेले असते. असा लॅपटॉप टेबलावर आला की पहिल्यांदा आपल्याकडचा अस्सल चार्जर लावून पाहावा. काही वेळा काम तिथेच संपते.

त्यानंतर रॅम. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते; ते मुख्य रॅममधूनच वाटा घेते. त्यामुळे रॅम किती आहे याइतकेच ती किती पट्ट्यांत आहे हेही महत्त्वाचे ठरते. डीडीआर३-१६०० ची एकच पट्टी असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त १२.८ जीबी माहिती वाहते. दोन्ही स्लॉटमध्ये जोडीच्या पट्ट्या टाकल्या की हा आकडा २५.६ जीबी होतो. चिप तीच, पण तिचा रस्ता दुप्पट रुंद होतो. आठ जीबीची एक पट्टी टाकण्यापेक्षा चारच्या दोन टाकाव्यात, हे अशा मशिनबाबत ठामपणे सांगता येते. सोबत हार्ड डिस्क काढून एसएसडी, पंख्याची सफाई आणि नवी थर्मल पेस्ट. मराठवाड्यातला उन्हाळा आणि धूळ यांनी पंख्याच्या जाळीत नमद्यासारखा थर बसतो. चिप तापली की ती स्वतःच वेग कमी करते आणि गिऱ्हाइकाला वाटते की कार्ड कमी पडते.

दोन ग्राफिक्स असलेल्या मशिनमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी. कार्ड असते, पण काम इंटेलवरच चाललेले असते. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या सॉफ्टवेअरला 'हाय परफॉर्मन्स' नेमून दिले आणि ड्रायव्हर नीट बसवला, की एक रुपयाचा सुटा भाग न लावता फरक पडू शकतो. मात्र 'दोन जीबीचे कार्ड आहे' या बोलण्यावर जाऊ नये. जीफोर्स ९४०एमएक्स हे एकच नाव घ्या. ते डीडीआर३ मेमरीसह आले आणि जीडीडीआर५सहही आले, आणि दोन्हींच्या मेमरीच्या वेगात दुपटीहून जास्त अंतर आहे. चिपच्या नावाबरोबर मेमरीचा प्रकारही तपासणीच्या कागदावर लिहावा.

कामानुसार सल्ला बदलतो, आणि इथे आपल्याला गिऱ्हाइकाच्या धंद्याची थोडी माहिती हवीच. कोरलड्रॉवर फ्लेक्स करणाऱ्याला प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी यांचाच खरा उपयोग. ऑटोकॅडचे द्विमितीय आराखडे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतात. रेव्हिट आणि त्रिमितीय मॉडेल आले की अडचण सुरू होते. लग्नाचा व्हिडिओ करणाऱ्याची गोष्ट निराळी. नवा कॅमेरा फोर-के, एच.२६५मध्ये चित्रीकरण करतो आणि जुनी चिप तो प्रकार उलगडूच शकत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो. अशा माणसाला प्रॉक्सी करायला शिकवावे: मूळ फुटेजच्या हलक्या प्रती बनवायच्या, एडिटिंग त्यांवर करायचे आणि शेवटचा आउटपुट मूळ फुटेजमधून काढायचा. प्रीमिअर आणि डाविंची रिझॉल्व्ह या दोन्हींत ही सोय आहे. शेवटच्या आउटपुटला वेळ लागेलच, पण टाइमलाइन अडकायची थांबते. हे शिकवण्याचे पैसे घ्यावेत. ते आपले कौशल्य आहे आणि गिऱ्हाईक त्याचे मोल देते.

आता ज्या थोड्या मशिनमध्ये कार्ड खरोखर बदलता येते, त्यांच्याविषयी. एनव्हिडियाने २००४ मध्ये एमएक्सएम हा प्रकार आणला. त्यात ग्राफिक्स वेगळ्या छोट्या बोर्डवर असते: ए प्रकार ८२ बाय ७० मिलिमीटर, बी प्रकार ८२ बाय १०५. कंपन्यांनी वापरून काढलेली वर्कस्टेशन सेकंडहँड बाजारात येतात, त्यांत ही कार्डे सापडतात: डेल प्रिसिजन एम४८०० आणि एम६८००, एचपी एलिटबुक ८५६०डब्ल्यू आणि ८५७०डब्ल्यू, पहिल्या पिढ्यांचे झेडबुक १५ आणि १७. असे मशिन टेबलावर आले तर सोडू नका. पण घाईही करू नका.

हीटसिंकचे स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या क्रमाने सैल करावेत. हीटसिंक उचलल्यावर कार्डचे स्क्रू काढले, की कार्डची कड वर येते. रॅमची पट्टी काढतो तशी ती तिरकी ओढून घ्यायची. इथपर्यंत कोणालाही जमते. खरी कसोटी पुढे आहे. मेमरी आणि वीज देणाऱ्या भागांवरचे थर्मल पॅड नव्या कार्डला मापाचेच हवेत. पॅड पातळ झाला तर मेमरी हीटसिंकला टेकत नाही. जाड झाला तर मुख्य चिप आणि हीटसिंक यांत फट राहते आणि मशिन काही मिनिटांत तापून बंद पडते. म्हणून जुन्या पॅडची जाडी कॅलिपरने मोजून लिहून ठेवावी. एएमडीचे कार्ड काढून एनव्हिडियाचे लावायचे असेल तर हीटसिंक वेगळा लागू शकतो. ज्या मॉडेलला कंपनीने स्वतः जी कार्डे दिली होती, तीच आधी शोधावीत; इतर कार्डांवर बायोस अडू शकतो, पंख्याचा ताबा सुटू शकतो. शिवाय केप्लर पिढीच्या चिपसाठी एनव्हिडिया आता नवे ड्रायव्हर काढत नाही. ज्या सॉफ्टवेअरसाठी कार्ड बदलायचे, त्याच्या नव्या आवृत्तीला ते कार्ड चालते का, हे विकत घेण्याआधी पाहावे.

बाहेरून कार्ड जोडण्याचाही मार्ग आहे. थंडरबोल्ट ३ असेल तर तो बऱ्यापैकी चालतो. पण आपल्याकडे येणाऱ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ते पोर्ट क्वचितच असते. एक्सप्रेसकार्ड किंवा वायफायच्या स्लॉटमधून अडॅप्टर लावून डेस्कटॉपचे कार्ड जोडता येते, मात्र तिथे पीसीआय एक्सप्रेसची एकच लेन मिळते. वेगळा एसएमपीएस लागतो, उघड्या तारा टेबलावर राहतात, काही कंपन्यांचा बायोस ओळखीचे नसलेले कार्ड स्लॉटमध्ये चालू देत नाही. ज्या घरांत प्लगला नीट अर्थिंग नाही, तिथे असा जोड देऊ नये. हौशी मुलाने स्वतःच्या जबाबदारीवर करून पाहावे असे ते काम आहे. रोजीरोटीच्या मशिनला ते सुचवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. पडदा काळा पडलेला, रेघा येणारा लॅपटॉप आला की चिपला हीटगनने हीट मारायची, पडदा उजळला की पैसे घ्यायचे आणि पावतीवर 'ग्राफिक्स रिपेअर' लिहायचे, ही पद्धत आपल्या व्यवसायाला आतून खाते. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिपच्या जोडणीतल्या कमकुवत मालापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. तो दोष बोर्ड आणि चिप यांच्यामधल्या गोळ्यांत नव्हता. चिपच्या आत, सिलिकन आणि त्याखालचा पाया यांच्यामधल्या सूक्ष्म जोडांत होता. तापणे आणि निवणे यांच्या फेऱ्यांनी ते जोड तडकत. अशा चिपला हीट दिली की तडा काही काळ जुळतो आणि थोड्या दिवसांत पुन्हा उघडतो. रीबॉल करूनही आतला जोड सुधारत नाही. शिवाय शिशाविना सोल्डर सुमारे २१७ अंशांच्या पुढे वितळतो. तापमानावर ताबा नसलेल्या हीटगनने तिथवर पोहोचताना शेजारचे भाग आणि बोर्ड भाजून निघतात.

म्हणून पावतीवर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: फक्त हीट दिली, गोळे बदलले, की नवी चिप बसवली. पहिल्या कामाची हमी देऊ नये आणि ते दुरुस्ती म्हणून विकू नये. डेटा काढून घेण्यापुरते केले तर तसे सांगावे. आपल्या जिल्ह्यात अनेक दुकानांतून चिपलेव्हलचे काम सोलापूर, लातूर, पुण्याला जाते. तिथून बोर्ड परत आला की नेमके काय केले ते लिहून मागावे. वाशी किंवा लोहाऱ्याहून एसटीने आलेला माणूस महिन्याभरात तेच मशिन घेऊन परत आला, तर त्याचे पैसे बुडतातच, शिवाय दोन दिवसांचा रोजगारही जातो.

खर्च करू नका असे सांगण्याची वेळही ओळखावी. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये मोठी रक्कम घालण्याआधी ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या कानावर घालावी. स्टुडिओत एका जागी बसून काम करणाऱ्याला त्याच पैशांत सेकंडहँड डेस्कटॉप सुचवावा. त्यात पुढे खरोखरच कार्ड बदलता येते; फक्त एसएमपीएसची ताकद आणि कॅबिनेटमधली जागा आधी पाहावी.

कंपन्यांकडेही आपली मागणी असली पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, नंतर त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. पण सर्किटचे नकाशे, सुटे भाग आणि बायोसची माहिती छोट्या गावातल्या कारागिरापर्यंत पोहोचेपर्यंत हा हक्क कागदावरच राहील. ग्राफिक्स बदलण्याजोगा लॅपटॉप बनवताच येत नाही, हे कंपन्यांनी सांगू नये. २०२४ पासून बाजारात आलेल्या फ्रेमवर्क लॅपटॉप १६ मध्ये मागचा भाग काढून ग्राफिक्स बदलता येते. आपल्या संघटनांनी हे उदाहरण पुढे ठेवून बोलले पाहिजे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. प्रत्येक दुकानात तपासणीचा एक पानी कागद असावा: मॉडेल, प्रोसेसरची पिढी, ग्राफिक्सची चिप आणि मेमरीचा प्रकार, रॅमच्या पट्ट्या, डिस्क, चार्जर ओळखला का, कामाच्या वेळचे तापमान, गिऱ्हाइकाचे सॉफ्टवेअर आणि शेवटी आपला सल्ला. त्याची एक प्रत गिऱ्हाइकाला द्यावी आणि तपासणीचे वाजवी शुल्क घ्यावे. ज्याला आज आपण 'यात कार्ड बसत नाही' असे खरे सांगू, तो उद्या नवे मशिन घेताना आधी आपल्यालाच विचारायला येईल.