समई एकटी तेवू नये

आषाढी एकादशीच्या या पुण्यपर्वावर एका गोष्टीचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. २०२० च्या आषाढीस महामारीमुळे ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी.तून पंढरीस आल्या. चंद्रभागेचे वाळवंट ओस होते. त्याच वर्षी २७ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये निर्मनुष्य चौकात, भर पावसात प्रार्थना केली. दोन्हीकडच्या भाविकांना आधार झाला तो पडद्याचाच. अंथरुणास खिळलेल्या वृद्धेला आजही मोबाइलवर सावळे रूप दिसते, हा यंत्राचा उपकारच होय.

परंतु संकट सरले तरी सवय उरली. एकाच घरात आजी एका पडद्यावर आरती पाहते, नातू दुसऱ्यावर खेळात रमतो. देवघरातील समई मात्र एकटीच तेवते. आमची कीर्तनेही यंत्रावर ऐकली जातात. पण टाळीस टाळी मिळाल्याविना कीर्तनास रंग चढत नाही, हा आमचा अनुभव आहे.

म्हणून विनंती एवढीच : आज दिवेलागणीस सर्वांनी देवापुढे बसून हरिपाठ म्हणावा. दूरदेशीच्या लेकरालाही त्याच यंत्रावरून बोलावून सामील करून घ्यावे. दर्शन यंत्र घडवील. सत्संग मात्र घरच्यांनीच घडवावयाचा आहे.