लसीच्या दिवशी बाळाचे दातही बघा

दुधाचे दात पडायचेच, मग त्यांची काळजी कशाला, असे बहुतेक घरांत म्हटले जाते. पण सगळे काही लगेच पडत नाहीत. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. तोवर घास त्याच चावतात आणि पक्क्या दातांची जागाही त्याच राखतात. दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. 2002-03 च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले. म्हणजे शाळेतली दंततपासणी कितीही चांगली असली, तरी ती उशिराच पोहोचते.

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. तोंडात दुधाची बाटली ठेवूनच बाळ झोपी जात असेल तर धोका वाढतो, कारण झोपेत लाळ कमी सुटते. बाटलीत साखर घातली असेल तर विचारायलाच नको. सुरुवातीला वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते. या टप्प्यावर कीड थांबवता येते. ती रेघ दिसायला यंत्र लागत नाही, बाळाचा वरचा ओठ उचलला की पुरे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते, सोळाव्यानंतर बूस्टर. तेव्हाच ओठ उचलून बघावा. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची तपासणी आहे. पण पथक येते त्या दिवशी वर्षाचे बाळ अंगणवाडीत असेलच असे नाही. लसीला मात्र आई त्याला आवर्जून आणते.

नर्सताईंच्या माथी आणखी एक काम, ही तक्रार रास्त आहे. ओठ बघायला अर्धा मिनिट लागतो, पण त्यासाठी नवे रजिस्टर देऊ नये. दात घासायच्या पेस्टमधल्या फ्लोराइडची भीतीही पोकळ नाही. चंद्रपूर, यवतमाळमधल्या काही गावांच्या भूजलात ते जास्त आहे. तिथे आधी पाणी तपासावे. इतरत्र तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते, आणि ब्रश मोठ्यांनीच फिरवावा. राहिला प्रश्न, कीड सापडली तर पाठवायचे कुठे? भोक पडले असेल तर दंतवैद्याकडेच. नुसती पांढरी रेघ असेल तर मात्र रात्रीची बाटली बंद करणे आणि दोनदा दात घासणे आजच, घरीच सुरू करता येते. दंतवैद्याला दाखवायला पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेले तरी चालेल.