वर्गणी गळते ती का?



आमच्या मंडळीच्या सभेत यंदा आजारपण निधीवरून बरीच बोलाबोली झाली. पहिल्या वर्षी हौसेने वर्गणी भरलेली कितीतरी घरे दुसऱ्या वर्षी फिरकलीच नाहीत. "आपल्या लोकांना शिस्त नाही, उद्याचा विचार नाही," असे दोघा-तिघा वडीलधाऱ्यांनी बोलून दाखवले. मला ते पटत नाही. घरे गळतात त्याला कारणे असतात, आणि बहुतेक वेळा ती योजनेतच असतात.

पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो हा गरीब देश आहे. तिथल्या नूना जिल्ह्यात २००४ साली लोकवर्गणीवरची आरोग्य विमा योजना निघाली. मोठ्या माणसाला वर्षाला १५०० फ्रँक, मुलाला ५००, आणि दवाखान्यात गेल्यावर परत काही द्यायचे नाही. कागदावर याहून चांगले काय असणार? तरी पहिल्या काही वर्षांत साधारण ३१ ते ४६ टक्के सभासद दरवर्षी गळत गेले. अभ्यासकांनी पाहिले तर कमी आजारी पडलेली घरे जास्त गळाली होती, आणि उपचार बरे मिळत नाहीत असे ज्यांना वाटले तीही. आरोग्य केंद्राला विमाधारकांमागे वर्षाची ठरीव रक्कम मिळे, कर्मचाऱ्यांच्या हातात मात्र जास्तीचे काही पडत नसे, म्हणून तेही नाराज. आता नाराज माणसापुढे कार्ड धरून उभे राहा म्हणजे कळेल!

इतक्या लांबचे नको असेल तर आपल्याच कर्नाटकातली यशस्विनी घ्या. २००३ साली सहकारी सोसायट्यांच्या सभासदांसाठी ती सुरू झाली तेव्हा वर्षाला माणशी ६० रुपये होते. तिसऱ्या वर्षी त्याचे १२० झाले आणि सभासद लाखांनी घटले. योजना चांगली होती, मोठ्या शस्त्रक्रिया पदरचे पैसे न घालता होत होत्या. पण शस्त्रक्रिया घरात कधीतरी एखादी. ताप, खोकला, गुडघेदुखी, शुगरची गोळी हे दर महिन्याचे, आणि त्या औषधांचा खर्च खिशातूनच. पुढे २०१८ मध्ये योजना बंद पडली, २०२२ मध्ये परत आणली. मधल्या काळात मोडलेली सवय लगेच कशी जुळणार?

वर्षभर ठणठणीत राहिलेल्या घराला आपले पैसे गेले असे वाटणारच. भिशीत निदान आपली पाळी येते. इथे पाळी येऊ नये म्हणूनच प्रार्थना करायची, आणि वर पैसेही भरायचे! हे समजावून सांगायला कुणीतरी दारात जावे लागते. आपण काय केले? नोटीस लावली.

दुसरे म्हणजे वेळ. काँगोमध्ये, तेव्हाच्या झैरमध्ये, ब्वामांडा इथल्या दवाखान्याने १९८६ साली विमा काढला तेव्हा वर्गणी गोळा केली ती शेतकऱ्यांचा माल विकला जाण्याच्या सुमारास. आपण जूनमध्ये मागतो. जूनमध्ये खानापूर भागातल्या घरात बी-बियाणे, खत, मुलांच्या वह्या आणि गळके छप्पर, सगळे एकदम येते. त्या महिन्यात पाचशे रुपये नाहीत म्हणणारा माणूस खोटे बोलत नाही.

माझे म्हणणे इतकेच, की वर्गणी भात घरात आल्यावर, कापणीच्या उपकारस्तुतीच्या सुमारास घ्यावी, आणि दोन हप्त्यांत चालवून घ्यावी. दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर हिशेब वाचावा: किती घरांना मदत गेली, किती शिल्लक. नावे नकोत, आकडे पुरेत. ज्या विधवा बहिणींना जमत नाही त्यांचे मंडळीने भरावे, तेही गाजावाजा न करता. आणि गळलेल्या घरांची यादी सेक्रेटरींकडे आहेच. पाळकसाहेबांनी आणि पंचांनी ती वाटून घेऊन एकेका घरी चहाला जावे, वर्गणीचा विषय न काढता आधी का सोडले ते ऐकून घ्यावे. माझ्या वाट्याला चार घरे दिलीत तरी मी जायला तयार आहे.

एक सभासद, खानापूर तालुका