फोन नवा, पण सिम कोणाचे?

आमच्या पुतणीला यंदा पुण्याच्या नर्सिंग महाविद्यालयात प्रवेश मिळाला. घरात आनंद झाला, पेढे वाटले गेले आणि दुसऱ्याच दिवशी फोनचा प्रश्न निघाला. जुना फोन तिच्या दिवंगत वडिलांचा. त्याची बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही आणि काचेला तडा गेलेला. वहिनी अंगणवाडीत मदतनीस आहेत. त्यांनी भिशीचे पैसे काढले आणि आम्हाला सोबत घेऊन फोन घ्यायला निघाल्या. आम्हाला सोबत का घेतले, तर "भाऊजी, तुम्ही वर्तमानपत्रात लिहिता, तुम्हाला फसवणार नाहीत." असा त्यांचा समज आहे. तो आम्ही मोडला नाही.

दुकानात फोन पसंत पडला. मग दुकानदाराने खरी गोष्ट काढली. हा फोन घेताना अमुक कंपनीत नंबर पोर्ट केला तर दोन हजार रुपये परत! वहिनींचे डोळे चमकले. दोन हजार म्हणजे होस्टेलची गादी, बादली आणि वर प्रवासखर्च. आम्ही कागद मागितला. दोन हजार रोख नव्हते. शंभर-शंभर रुपयांची वीस कूपने होती. दर रिचार्जला एक कूपन वापरायचे आणि रिचार्जही ठरावीक मोठ्या प्लॅनचाच करायचा. तो प्लॅन पोरीच्या आताच्या रिचार्जपेक्षा ऐंशी रुपयांनी महाग. म्हणजे शंभर मिळाले, ऐंशी गेले, हाती राहिले वीस. वीस गुणिले वीस चारशे. या चारशे रुपयांसाठी अठ्ठावीस दिवसांचे वीस रिचार्ज, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ त्या कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचे. आम्ही फोन घेतला, कूपने दुकानदाराकडेच ठेवली. वहिनी घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत.

पण प्रश्न संपला नाही. कारण पुतणीचे म्हणणे वेगळेच होते. "काका, फोन ५जी आहे आणि आपली कंपनी घरात नीट चालत नाही. कूपन नको, पण कंपनी तर बदलूया." तिचे म्हणणे रास्त होते. आमच्या वस्तीत मागच्या खोलीत गेले की फोन मुका होतो. तेव्हा कंपनी बदलायची की नाही, बदलायची तर कोणती, यावर आमच्या घरात आठवडाभर खल झाला. अशीच चर्चा आज हजारो घरांत चालू आहे. म्हणून ती येथे मांडत आहोत.

वाचकहो, फोन एका कंपनीला आणि माणूस त्या फोनला बांधण्याची ही युक्ती नवी नाही. २००३ साली रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपये भरून फोन देण्याची योजना काढली होती, ती अनेकांना आठवत असेल. गरिबाच्या हाती पहिल्यांदा मोबाईल आला तो तिथे, हे नाकारता येणार नाही. पण तो सीडीएमएचा फोन त्याच कंपनीचा होता. सेवा सोडली की हातात खेळणे उरायचे. पुढे २०१७ साली १,५०० रुपये अनामत घेऊन जिओफोन आला, त्यातही फक्त जिओचेच सिम चालायचे. अमेरिकेत तर २००७ साली आयफोन आला तेव्हा तो २०११ पर्यंत एकट्या एटी अँड टी कंपनीकडेच मिळत होता. नवा फोन हवा तर कंपनी बदला, असा तिथला सरळ हिशेब. आपल्याकडे बाजारात मिळणारा बहुतेक फोन मोकळा असतो, त्यात कोणतेही सिम घाला. फोन घेणे आणि कंपनी बदलणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. दुकानदार ते एक करून दाखवतो, कारण त्यात त्याचे कमिशन आहे.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क आपल्याला २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाला. त्याआधी तो नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झाला होता. ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलचा नंबर दुसऱ्या सर्कलमध्येही नेता येतो. मुंबईचे सर्कल वेगळे आणि उरलेल्या महाराष्ट्राचे, गोव्यासह, वेगळे, हे लक्षात ठेवा. आमची पुतणी नागपूरहून पुण्याला गेली तरी सर्कल एकच. डिसेंबर २०१९ च्या नियमांनुसार त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस आणि दुसऱ्या सर्कलमध्ये पाच कामाचे दिवस लागतात. पोर्ट हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि १९०० वर संदेश पाठवायचा. आठ अक्षरी-आकडी कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस पूर्ण झालेले असावेत, पोस्टपेडचे बिल थकलेले नसावे आणि जुन्या रिचार्जचे उरलेले पैसे व दिवस सोबत येत नाहीत. १ जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली. सिम बदलून घेतले असेल तर पुढचे सात दिवस हा कोड मिळत नाही. चोरांनी दुसऱ्याचे सिम काढून नंबर पळवू नये म्हणून ही अट. हा कोड फोनवर कोणालाही सांगू नका, मग समोरचा स्वतःला कंपनीचा साहेब म्हणवो की बँकेचा.

आता आमच्या घरातला खरा पेच. पुतणीचा जो नंबर आहे तोच आधारला जोडलेला, तोच बँकेला आणि तोच महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला. शिष्यवृत्ती म्हणजे आमच्या पोरांची फी, मेस आणि पुस्तके. ती कोणाची भीक नव्हे. आणि आज त्या हक्काच्या दारावर ओटीपी नावाचा पहारेकरी बसविला आहे. चार अंकी का सहा अंकी आकडा आला नाही तर पोरगी पात्र असूनही बाहेर. पोर्ट होताना नंबर काही तास बंद राहतो आणि पहिले एक-दोन दिवस संदेश अडखळले तर दाद कोणाकडे मागणार? जुनी कंपनी म्हणणार नंबर आमचा नाही, नवी म्हणणार थोडा वेळ लागेल. म्हणून आम्ही घरात पहिला ठराव केला. शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाकडून पुढे जाईपर्यंत पोरीच्या नंबराला हात लावायचा नाही. मागची खोली मुकी तर मुकी. ज्यांच्या घरी पोरे शिकताहेत त्यांनी एवढी एक गोष्ट तरी ध्यानात ठेवावी. बंद पडू दिलेल्या नंबराचे तर विचारूच नका. रिचार्ज परवडला नाही म्हणून नंबर सोडला आणि आधारला तोच जोडलेला राहिला, अशी पोरे आम्ही पाहिली आहेत.

रिचार्ज परवडत नाही, हे काही उगाच म्हटलेले नाही. ३ आणि ४ जुलै २०२४ ला तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकामागोमाग दर वाढविले. जिओचा २३९ चा प्लॅन २९९ झाला, एअरटेलचा २६५ चा २९९ झाला. अठ्ठावीस दिवसांचा महिना ही या कंपन्यांची खास देणगी. आमच्या पंचांगात बारा महिने, त्यांच्या पंचांगात तेरा! २९९ गुणिले १३ म्हणजे वर्षाला ३,८८७ रुपये. घरात चार फोन असले तर १५,५४८. अंगणवाडी मदतनिसाच्या मानधनातून हे काढून दाखवा. आणि पोरीला हवे असलेले अमर्याद ५जी? जिओने त्याच वेळी ते दररोज २ जीबी किंवा अधिकच्या प्लॅनपुरते ठेवले, म्हणजे अठ्ठावीस दिवसांचे ३४९. वर्षाला आणखी ६५० रुपये. फोनच्या डब्यावर ५जी लिहिलेले असते, हे पैसे डब्यावर लिहिलेले नसतात.

तिन्ही कंपन्या एकदम दर वाढवीत असतील तर एकीतून दुसरीत जाण्याला अर्थ किती? बाजाराचे पुजारी सांगतात की ग्राहक राजा आहे. तीन दारे आहेत, तिन्हींवर सारखीच पाटी आहे, आणि राजाने कोणत्याही दारातून आत जावे!

चौथे दार भारत संचार निगमचे. दरवाढीनंतर एकट्या जुलै २०२४ मध्ये तिथे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. आमच्या चळवळीतल्या अनेकांना त्या दाराबद्दल आपुलकी आहे आणि ती अकारण नाही. सार्वजनिक कंपनी म्हणजे भरतीत अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात टक्के, इतर मागासवर्गीयांना २७ टक्के. सार्वजनिक कंपनी म्हणजे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो, संसदेत प्रश्न विचारता येतो. बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात कळीचे उद्योग शासनाच्या मालकीचे असावेत असे मांडले, ते या मुलखातल्या पिळवणुकीचा पूर्ण अभ्यास करूनच. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागलेल्या बापाची मुले आज डॉक्टर, इंजिनिअर झाल्याची उदाहरणे वस्त्यावस्त्यांतून सापडतात.

पण आपुलकी म्हणून डोळे मिटून चालणार नाही. खासगी कंपनीने देशात पहिले ४जी २०१२ मध्ये कोलकात्याला सुरू केले. निगमला ४जीचे स्पेक्ट्रम देण्याचा निर्णय केंद्राने ऑक्टोबर २०१९ मध्ये घेतला, निविदा २०२० मध्ये रद्द झाली आणि देशभरच्या स्वदेशी ४जीचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झाले. तेरा वर्षे! शर्यतीत उतरवायचे आणि पाय बांधून ठेवायचे, मग म्हणायचे बघा, सरकारी घोडा पळतच नाही. मधल्या काळात ३१ जानेवारी २०२० ला सुमारे ७८ हजार कर्मचारी एका दिवसात स्वेच्छानिवृत्त झाले. त्यांच्या जागी कायमची भरती त्या प्रमाणात झाली नाही, कामे कंत्राटावर गेली. कंत्राटाला आरक्षण नसते. तेव्हा "निगम म्हणजे आपल्या नोकऱ्या" हे वाक्य आज उच्चारताना जीभ थोडी अडखळते. आणि एक गंमत. व्होडाफोन आयडियाची थकबाकी भागभांडवलात बदलून केंद्राकडे २०२५ मध्ये त्या कंपनीचे सुमारे ४९ टक्के भाग आले. मालकी जवळजवळ निम्मी जनतेची, पण कारभार खासगी आणि आरक्षणाचे नाव नाही!

निगमकडे जावे की नाही, याचे उत्तर भावनेवर देता येत नाही आणि जाहिरातीवरही देता येत नाही. टॉवर घराजवळ आहे का, एवढेच विचारा. २०२४ च्या सेवा दर्जाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला आपले कव्हरेज नकाशावर दाखवावे लागते, ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघता येते. नकाशा रस्त्यावरचा सिग्नल दाखवतो, मागच्या खोलीतला नाही. म्हणून नव्या फोनमध्ये दोन सिमची सोय असेल तर दुसऱ्या खणात त्या कंपनीचे नवे सिम महिनाभर घालून बघावे. फोनच्या माहितीत बँड लिहिलेले असतात तेही बघावे. निगमचे ४जी बँड २८ वरही चालते, आणि स्वस्त किंवा बाहेरून आणलेल्या फोनमध्ये तो नसला तर दोष टॉवरला देऊन उपयोग नाही.

आमच्या आईचा फोन मात्र सगळ्यांच्या विस्मरणात गेला होता. ती यवतमाळ जिल्ह्यात गावी असते, फोन बटणांचा, २जीचा. पुतण्याने सुचविले की सगळे घर एकाच कंपनीत जाऊ, जिओत जाऊ. जिओकडे २जी मुळी नाहीच! आजीचा फोन त्या दिवसापासून दगड झाला असता आणि तिला वाटले असते की पोरांनी फोन करणे सोडले. तिला डेटा नको, फक्त बोलणे हवे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलणे आणि संदेश यांचे वेगळे प्लॅन ठेवण्याची सक्ती केली ती अशाच म्हाताऱ्यांसाठी. जानेवारी २०२५ मध्ये जिओने ३३६ दिवसांचे १,७४८ रुपये लावले, एअरटेलने ३६५ दिवसांचे १,८४९. स्वस्त दिसतो तो पहिला. दिवसाचा भाव काढला तर पहिला पाच रुपये वीस पैसे, दुसरा पाच रुपये सात पैसे. हिशेब करणाऱ्याला फसविणे कठीण जाते, म्हणून हिशेब करायला लागू नये अशीच सगळी मांडणी असते.

आठवड्याच्या शेवटी आमच्या घरात ठरले ते असे. आईचा नंबर आहे तिथेच. पुतणीचा अर्ज पुढे जाईपर्यंत तिचाही तिथेच, दुसऱ्या खणात निगमचे सिम, पुण्याच्या होस्टेलात महिनाभर चालवून ती सांगेल. आमचा स्वतःचा नंबर मात्र आम्ही निगममध्ये नेतो आहोत. आम्हाला सिनेमे बघायचे नाहीत, लेख पाठवायचा असतो, तेवढे ४जीत भागते. ५जी मिळणार नाही, हे माहीत आहे. पोरीने विचारले, "काका, तिथे नाही चाललं तर?" नव्वद दिवसांनी परत येता येते, असे आम्ही म्हणालो. "आणि चाललं नाही तर तक्रार करणार?" करणार, आणि माहितीच्या अधिकारात आमच्या वस्तीजवळच्या टॉवरचा अर्जही टाकणार. तो आम्ही आधीच लिहून ठेवला आहे.

यूपीसी काल संध्याकाळी आला. चार दिवसांत ग्राहक सेवा केंद्र गाठायचे आहे. वहिनी अजून दोन हजारांचेच बोलतात.