गायरानांचे ऋण

परभणी जिल्ह्याचा लौकिक काळ्या कसदार जमिनीचा, गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांचा आणि त्यांच्या खोऱ्यांतील कापूस-ज्वारीचा आहे. परंतु उत्तरेस जिंतूरकडे, दक्षिणेस गंगाखेडजवळ बालाघाटाच्या उतारांवर आणि गावोगावच्या गायरानांत जे खडकाळ माळ पसरले आहेत, त्यांची आठवण आपल्याला वाटप किंवा अतिक्रमण यांच्या निमित्तानेच होते. राखीव वन अत्यल्प असलेल्या या जिल्ह्यात काळवीट, लांडगा, ससा, तित्तिर आणि चंडोल यांचा निवारा हे माळच आहेत. आणि घाणेरी, वेडी बाभूळ व गाजरगवत यांनी ते गिळंकृत करावेत, ही उपेक्षा अक्षम्य होय.

या तिन्ही वनस्पती परदेशी आहेत. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी उद्यानांची शोभा म्हणून आली, वेडी बाभूळ सरपणासाठी लावली गेली, तर गाजरगवत १९५० नंतरच्या दशकात पुण्यात प्रथम दृष्टीस पडले. घाणेरीचा पाला जनावरांना विषारी, तिच्या दाट सावलीत पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते तग धरीत नाहीत. गवत गेले की त्यावरचे कीटक, त्यांवर जगणारे पक्षी आणि चरणारी हरणे यांची साखळी तुटते. हरणांकडून शेतातील तूर-सोयाबीनची नासधूस केवळ यामुळेच होते असे नव्हे. तथापि माळावर चारा नसेल, तर काळविटाने पिकाकडे वळू नये ही अपेक्षा निरर्थक आहे.

हे झाडोरे काढून माळ मोकळा करण्याचे काम एखाद्या दिवसाच्या श्रमदानाने आणि त्याच्या छायाचित्राने संपत नाही. घाणेरी वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. तिचे मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटे खोल तोडून झुडूप उलटे टाकावे लागते, तेही बी धरण्यापूर्वी. वेडी बाभूळ बुंध्यापासून पुन्हा फुटते, तिच्या शेंगा शेळ्या खातात आणि लेंड्यांतून बी दूरवर जाते. म्हणून साफ केलेल्या जागेत स्थानिक गवताचे बी पेरणे, काही काळ चराईबंदी पाळणे आणि पुढील पावसाळ्यांत नवे फुटवे उपटीत राहणे, एवढा सगळा व्याप एका गावाने एकदिलाने पत्करला तरच माळ मोकळा राहील.

असे घडू शकते, याचे उदाहरण दूर नाही. अकोला जिल्ह्यातील वडाळा येथे फासेपारधी समाजाने 'संवेदना' संस्थेच्या साहाय्याने माळरान राखण्याचे कार्य हाती घेतले. ज्यांच्या कैक पिढ्यांनी शिकारीसाठी गवताचा आणि पाखरांचा अभ्यास केला, तेच आज त्यांचे रक्षक आहेत. आपल्याकडील मेंढपाळ आणि पारधी यांचे ज्ञान सरकारी योजनेत स्थान मिळवील, तर त्या योजनेचे भाग्य उजळेल.

दोन गोष्टींचे भान मात्र सुटता कामा नये. बोर, तरवड, हिवर ही देशी झाडेझुडपे पक्ष्यांचे अन्न आणि आश्रय आहेत. सरसकट साफसफाई आणि त्यानंतर माळावर वृक्षलागवड हे दुसरे संकट ठरेल. तसेच १९६४ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली ज्या भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केला, त्यांच्या वारसांनी कसलेली गायराने झाडोरा काढण्याच्या नावाखाली हिरावली जाऊ नयेत. आणि वेड्या बाभळीच्या सरपणावर ज्यांच्या चुली पेटतात, त्या मायभगिनींनाच तोडलेल्या लाकडाचा पहिला हक्क असावा.

आमची मागणी स्पष्ट आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी महसूल व वनखात्याचे अधिकारी, कृषी विद्यापीठातील तज्ज्ञ आणि ग्रामसभा यांना एकत्र बसवून प्रत्येक तालुक्यात निदान एक माळ निवडावा. त्याची साफसफाई रोजगार हमीच्या कामांत धरून मजुरी वेळेवर द्यावी. आणि गवत कापण्याचा व त्याच्या उत्पन्नाचा अधिकार ग्रामसभेकडे लेखी सुपूर्द करावा. ज्या गावाला गवताचा लाभ मिळेल, ते गाव माळाची राखण करील. आणि ज्या माळाला राखण मिळेल, तेथे काळविटाला चारा मिळेल. हा व्यवहार सोपा आहे. सरकारने आपल्या वाट्याची जबाबदारी आधी पार पाडावी.