खुर्ची, टॉवेल आणि सकाळचा अर्धा तास

दूरदर्शन सह्याद्री वाहिनीच्या कार्यक्रम विभागास,



जॅक लालेन या अमेरिकन गृहस्थांचं आयुष्य आपण एकदा बारकाईने पाहावं, यासाठी हे पत्र.

सॅन फ्रान्सिस्कोत १९१४ साली जन्मलेले लालेन लहानपणी गोडाच्या आहारी गेलेले, सतत आजारी. पंधराव्या वर्षी आहारावरचं एक व्याख्यान ऐकलं आणि साखर सोडली. १९३६ मध्ये त्यांनी ओकलंडला व्यायामशाळा काढली. वजनं उचललीत तर हृदयविकार होईल, असं तेव्हा डॉक्टरच लोकांना बजावत. लालेन मात्र बायकांना आणि म्हाताऱ्यांनाही वजनं उचलायला लावीत.

१९५१ मध्ये स्थानिक वाहिनीवर त्यांचा व्यायामाचा कार्यक्रम सुरू झाला. १९५९ पासून तो देशभर दिसू लागला आणि १९८५ पर्यंत चालला. सकाळी घरात असतात त्या गृहिणी, आजीआजोबा, लहान मुलं. लालेन त्यांच्याशीच बोलत. साधनं घरातलीच, खुर्ची आणि टॉवेल. मुलांनी टीव्हीसमोर यावं आणि आईला बोलावून आणावं, म्हणून ‘हॅपी’ नावाचा पांढरा कुत्राही ते सोबत आणत. व्यायाम करायला कुणाला घराबाहेर पडावं लागलं नाही, की पैसे मोजावे लागले नाहीत.

सत्तराव्या वर्षी, हातापायांत बेड्या घालून, त्यांनी लाँग बीचच्या बंदरात ७० होड्या पोहत ओढल्या. बातमी अर्थातच त्याची झाली. पण खुर्चीला धरून उठबस करायला शिकलेल्या बायका हे त्यांचं कितीतरी मोठं काम. २०११ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी ते गेले.

लालेन यांनी ज्यूसरही विकले. सार्वजनिक वाहिनीला नफ्यासाठी काही विकावं लागत नाही, आणि म्हणूनच घराघरात व्यायाम शिकवण्याचं काम तिने करायला हवं. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या २०२४च्या अभ्यासानुसार भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल पुरेशी होत नाही, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. जिमची फी यांच्यातल्या किती जणांना परवडेल?

‘आमची माती आमची माणसं’ या आपल्याच कार्यक्रमाने शेतीचं ज्ञान शेतकऱ्याच्या घरात नेलं. तसाच रोज सकाळी अर्धा तास व्यायामाला द्या. साडी नेसलेल्या बाईला, गुडघे धरलेल्या आजोबांना जमेल असा व्यायाम, साध्या मराठीत, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. त्यात एकाही पावडरची किंवा यंत्राची जाहिरात नको. येत्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत ही वेळ राखून ठेवावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक प्रेक्षक